जुन्या टीव्हीच्या रेघा व्हिडिओत कशा आणायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅनलाइनबद्दल विचारणारे बहुतेक जण सोबत एक क्लिप पाठवतात आणि लिहितात, ‘काहीतरी खोटं वाटतंय, पण काय ते सापडत नाही.’ पुन्हापुन्हा येणारे असे प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तिथे क्रमांक दिला आहे.

१. स्कॅनलाइन म्हणजे त्या काळ्या रेघाच ना?

नाही, उलट आहे. पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या आतल्या फॉस्फरवर (झोत पडला की उजळणाऱ्या लेपावर) डावीकडून उजवीकडे फिरतो आणि उजेडाची एक रेघ काढतो. मग तो थोडा खाली येऊन पुढची रेघ काढतो. ती उजेडाची रेघ म्हणजे स्कॅनलाइन. आपण जी काळी रेघ म्हणतो ती दोन उजेडांमधली फट. एडिटिंगमध्ये आपण फट काढतो, त्यामुळे फटीची जाडी, तिचा काळेपणा आणि तिच्या कडा या तीनच गोष्टी हातात राहतात.

२. आमच्या घरच्या डब्बा टीव्हीवर एवढ्या जाड रेघा दिसल्याचं आठवत नाही. मग हा इफेक्ट आला कुठून?

तुमची आठवण बरोबर आहे. भारतात वापरली जाणारी पाल पद्धत ६२५ ओळींची होती आणि त्यातल्या ५७६ ओळींमध्ये चित्र असायचं. ते इंटरलेस पद्धतीने यायचं. सेकंदाच्या एक पन्नासांश भागात विषम ओळी, पुढच्या तेवढ्याच वेळात सम ओळी. म्हणजे पहिल्या वेळच्या फटी दुसऱ्या वेळी भरल्या जायच्या. चार पावलांवरून पाहणाऱ्याला रेघा वेगळ्या दिसायच्या नाहीत, जाणवायचा तो हलका थरथराट.

ठळक रेघा होत्या त्या व्हिडिओ गेमच्या. जुनी गेमची यंत्रं आणि घरगुती संगणक इंटरलेसच्या भानगडीत न पडता दर वेळी त्याच त्या ओळींवर चित्र काढायचे. अमेरिकी-जपानी एनटीएससी पद्धतीत साधारण २४० ओळी, पालमध्ये २८८. मधल्या ओळी कधीच उजळायच्या नाहीत, म्हणून फटी कायमच्या. आज ज्याला ‘रेट्रो’ म्हणून सरसकट सगळीकडे लावलं जातं ते मुळात या गेमच्या पडद्याचं रूप आहे. बातम्यांच्या सीनवर ते चढवलं की खोटं वाटतं ते यामुळेच.

३. मग सुरुवात कुठून करायची? कोणता इफेक्ट आधी लावू?

आधी इफेक्ट नको. तुमच्या सीनमध्ये कोणतं यंत्र आहे ते कागदावर लिहा. ढोबळ चार पर्याय आहेत.

अँटेनावर येणारा टीव्ही असेल तर रेघा पुसट ठेवा आणि मुंग्या, दुहेरी सावली, थरथराट यांना जागा द्या. कॅसेट असेल तर रेघांपेक्षा रंगांचं ओघळणं महत्त्वाचं (प्रश्न १८). गेम असेल तर ठळक, स्थिर रेघा. जुना संगणक असेल तर बहुधा एकाच रंगाचा पडदा, हिरवा किंवा पिवळट नारिंगी, आणि अक्षरांभोवती झळाळी. मात्र संगणकांत एक मोठा अपवाद आहे, तो प्रश्न २० मध्ये.

हे ठरवण्यात पाच मिनिटं जातात आणि पुढचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

४. १०८० च्या टाइमलाइनवर रेघा किती ठेवायच्या?

चित्राच्या उंचीला रेघांच्या संख्येने पूर्ण भाग जायला हवा. सगळं गणित एवढंच आहे. १०८० ला २४० ने भागलं तर ४.५ येतात, २८८ ने भागलं तर ३.७५. अर्धा पिक्सेल पडद्यावर नसतो, म्हणून काही रेघा जाड आणि काही बारीक होतात आणि डोळ्याला पट्टे दिसू लागतात.

सोपा मार्ग म्हणजे २७० रेघा, प्रत्येकी ४ पिक्सेलची. २४० आणि २७० मधला फरक कोणी मोजत बसत नाही. अचूकच हवं असेल तर चित्र लहान करा. १२८० बाय ९६० मध्ये २४० रेघा ४ पिक्सेलने नेमक्या बसतात, ११५२ बाय ८६४ मध्ये २८८ रेघा ३ पिक्सेलने. उरलेल्या जागेत टीव्हीची चौकट येते, आणि तशीही ती हवीच असते. ४के मध्ये काम करत असाल तर २१६० ला २४० ने ९ चा पूर्ण भाग जातो. मोठ्या टाइमलाइनवर काम करायचं हे एक चांगलं कारण आहे.

चित्र ४:३ चं ठेवा. १९२० बाय १०८० मध्ये ते १४४० बाय १०८० होतं. अख्ख्या रुंद फ्रेमवर रेघा ओढून १९९० साल येत नाही.

५. प्लगइन विकत न घेता रेघांचा लेयर कसा बनवायचा?

गिंप, क्रिता किंवा फोटोशॉपमध्ये १ पिक्सेल रुंद आणि ४ पिक्सेल उंच अशी फाइल उघडा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा. पहिला आणि चौथा पिक्सेल काळा करा, मधले दोन रिकामे सोडा. हा तुकडा पॅटर्न म्हणून साठवा आणि १९२० बाय १०८० च्या रिकाम्या फाइलमध्ये तो पॅटर्न भरा. पीएनजी म्हणून सेव्ह करा. झालं.

पहिला आणि चौथा का? दोन तुकडे एकाखाली एक आले की चौथा आणि पुढचा पहिला मिळून दोन पिक्सेलची फट होते आणि उजेड प्रत्येक ओळीच्या मधोमध राहतो. प्रश्न ८ मधल्या पायरीला ही जुळणी लागते.

कडा फार तीक्ष्ण वाटल्या तर लेयरवर फक्त उभ्या दिशेने अगदी थोडा ब्लर द्या. खऱ्या झोताच्या कडा कधीच कापल्यासारख्या नसायच्या.

६. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये हा लेयर नेमका कुठे आणि कसा लावायचा?

सगळीकडे तत्त्व एकच: क्लिपच्या वरच्या ट्रॅकवर पीएनजी, आणि ओपॅसिटी ३० ते ४० टक्क्यांपासून सुरू. पीएनजी पारदर्शक असेल तर ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो ते) नॉर्मल ठेवला तरी चालतो. काळ्या-पांढऱ्या रेघांची साधी फाइल असेल तर मात्र मल्टिप्लाय (खालचं चित्र फक्त गडद करणारा मोड) हवाच.

प्रीमियर प्रोमध्ये ब्लेंड मोड ‘इफेक्ट कंट्रोल्स’मधल्या ओपॅसिटीखाली सापडतो. डाविंची रिझॉल्व्हमध्ये तो इन्स्पेक्टरमध्ये ‘कंपोझिट मोड’ या नावाने आहे. रिझॉल्व्हमध्ये आणखी एक काळजी घ्या: टाइमलाइन आणि पीएनजीचा आकार वेगळा असेल तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ‘सेंटर क्रॉप विथ नो रिसाइझिंग’ निवडा, नाहीतर सॉफ्टवेअर गुपचूप फाइल ताणतं आणि प्रश्न ४ चं गणित पाण्यात जातं. त्याच्या फ्यूजन पानावर ‘टीव्ही’ नावाचा नोड आहे. त्यात रेघा, चित्राचं तिरकं होणं आणि नॉइज एकत्र मिळतात.

आफ्टर इफेक्ट्समध्ये पीएनजीचीही गरज नाही. काळा सॉलिड घ्या, त्यावर ‘व्हेनेशियन ब्लाइंड्स’ लावा, कम्प्लिशन ५०, दिशा ९० अंश, रुंदी ४. केडेनलाइव्हमध्ये फ्रायझिरो संचातला ‘स्कॅनलाइनझिरोआर’ हा तयार फिल्टर आहे, पण तो थेट काळ्या रेघा मारतो. मला तिथेही पीएनजीच बरी वाटते. शॉटकटमध्ये वरच्या व्हिडिओ ट्रॅकवर पारदर्शक पीएनजी टाकली की काम होतं.

७. मी सगळं फोनवरच एडिट करते. जमेल का?

जमेल. किनमास्टरसारख्या ॲपमध्ये पीएनजी लेयर म्हणून घालता येते आणि ब्लेंडिंग बदलता येतं. अडचण आकाराची येते. बोटांनी लेयर ताणला की तो नेमका किती टक्के झाला ते कळत नाही आणि रेघांची जाडी विस्कटते. म्हणून पीएनजी तुमच्या प्रोजेक्टच्या मापाचीच बनवा आणि ‘फिट’ करून सोडून द्या, चिमटीत धरू नका. फोनवर चारऐवजी सहा पिक्सेलच्या रेघा घ्या. का ते प्रश्न १२ मध्ये येईल.

८. रेघा नीट बसल्या, पण चित्र टीव्हीवरचं न वाटता खिडकीच्या जाळीतून पाहिल्यासारखं वाटतं. काय राहिलं?

रेघांखालचं चित्र अजून आजचंच आहे, म्हणून. त्यातला प्रत्येक केस सुटा दिसतो आणि वर रेघा आहेत. खऱ्या पडद्यावर एका ओळीच्या उंचीत चित्राचा एकच तपशील मावायचा.

म्हणून रेघांच्या आधी चित्राचा तपशील काढून टाका, पण दोन्ही दिशांना सारखा नाही. उभ्या दिशेने ओळी मोजक्या आणि तुटक असायच्या. आडव्या दिशेने झोत सलग सरकायचा, तिथे पिक्सेल असा नव्हताच. सगळीकडे मोझॅक लावला की चौकोनी ठोकळे दिसतात आणि जमत आलेलं बिघडतं ते यामुळे.

आफ्टर इफेक्ट्समध्ये मी असं करतो: १४४० बाय २७० ची कॉम्प (त्या सॉफ्टवेअरमधली वेगळी टाइमलाइन) घेऊन त्यात क्लिप फक्त उंचीला दाबून बसवतो आणि आडवा ब्लर देतो, दोन ते चार पिक्सेल पुरतो. मग ती कॉम्प मुख्य टाइमलाइनवर आणून उंचीला ४०० टक्के ताणतो आणि लेयरची क्वालिटी ‘ड्राफ्ट’ ठेवतो, म्हणजे ओळी एकमेकींत मिसळत नाहीत. आता वर प्रश्न ५ ची पीएनजी ठेवली की प्रत्येक फट दोन ओळींच्या बरोबर मधे पडते. इतर सॉफ्टवेअरमध्ये मेनू वेगळे असतील, पण दाबायचं, आडवं मऊ करायचं, मग ताणायचं, हा क्रम तोच.

एकच सुधारणा करायला वेळ असेल तर रेघांची ओपॅसिटी खालीवर करत बसण्यापेक्षा ही करा.

९. रेघा लावल्यावर सगळं अंधारलं. ब्राइटनेस वाढवला तर चेहरे पांढरे पडले.

निम्मे पिक्सेल पूर्ण काळे केले की निम्मा उजेड गेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत एक स्टॉप. ४० टक्के ओपॅसिटीवरही अर्ध्या स्टॉपच्या थोडं वर जातो. तेवढं सरळ गेनने (सगळा उजेड सारखा वाढवून) भरून काढायला गेलात की उजळ भाग आधी फुटतो.

दोन उपाय आहेत. पहिला: रेघा लावण्याआधी मिडटोन (मधल्या छटा) उचला, हायलाइटला (सर्वांत उजळ भागांना) हात लावू नका आणि रेघांनंतर हलका ग्लो द्या. दुसरा, मला जास्त आवडणारा, प्रश्न १० मध्ये आहे.

१०. खऱ्या पडद्यावर पांढऱ्या भागात रेघा जवळजवळ गायब व्हायच्या आणि मधल्या करड्या भागात ठळक दिसायच्या. तसं करता येईल का?

छान निरीक्षण. उजेड जास्त तिथे झोत फुगायचा आणि फट भरून जायची. करड्या भागात झोत बारीक, म्हणून फट मोठी. मल्टिप्लायला हे जमत नाही, ते सगळीकडे सारखंच काळं करतं.

पीएनजी अपारदर्शक बनवा. पहिला आणि चौथा पिक्सेल २५ टक्के करडा, मधले दोन ७५ टक्के करडे. ब्लेंड मोड ओव्हरले. ओव्हरलेमध्ये शुद्ध पांढरं पांढरंच राहतं, शुद्ध काळं काळंच राहतं आणि रेघा मधल्या छटांत उमटतात. शिवाय एक ओळ जेवढी गडद होते तेवढीच शेजारची उजळते, त्यामुळे अंधार पडण्याचा प्रश्नही सुटतो. रेघा कमीजास्त करायच्या असतील तर ओपॅसिटी हलवा, करड्या छटांना धक्का लावू नका.

११. प्रीव्ह्यूमध्ये वळणावळणाचे पट्टे दिसतात, रेंडरमध्ये नाहीत. बिघाड कुठे आहे?

कुठेच नाही. प्रीव्ह्यूची खिडकी लहान असते, सॉफ्टवेअर घाईने चित्र छोटं करतं आणि तुमच्या रेघा पडद्याच्या पिक्सेलशी अडखळतात. याला मोआरे म्हणतात. ‘फिट’ सोडून १०० टक्क्यांवर पाहा, प्रीव्ह्यूची क्वालिटीही पूर्ण ठेवा. तरीही पट्टे दिसले तर मात्र रेघा कुठेतरी ताणल्या गेल्या आहेत. प्रश्न ४ आणि ६ तपासा.

१२. लॅपटॉपवर सुरेख दिसतं. अपलोड केल्यावर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर चिखल होतो. का?

दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकत्र करू नका.

पहिलं कॉम्प्रेशनचं. बारीक, तीक्ष्ण, सगळ्या फ्रेमभर पसरलेला तपशील एन्कोडरला (व्हिडिओ दाबून छोटी फाइल करणाऱ्या भागाला) सर्वांत महाग पडतो आणि रेघा म्हणजे नेमका तोच तपशील. बिटरेट (दर सेकंदाला मिळणारा डेटा) कमी पडला की एन्कोडर रेघा तरी खातो नाहीतर चेहरा. वर मुंग्याही टाकल्या असतील तर विचारू नका. यूट्यूबसाठी १०८० चं काम करूनही १४४० किंवा ४के मध्ये एक्सपोर्ट करून चढवा. मोठ्या आकाराला सहसा जास्त बिटरेट मिळतो. मोठं करताना दुप्पट करणं चांगलं, १०८० चं २१६०, म्हणजे रेघांचा भाग पूर्ण राहतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरं दुखणं आकाराचं. फोन उभा धरून आडवा व्हिडिओ पाहिला की १०८० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर त्याची उंची उरते जेमतेम ६०७ पिक्सेल. तुमची ४ पिक्सेलची रेघ तिथे सव्वादोन पिक्सेलची होते आणि मोआरे सुरू. बघणारे बहुतेक फोनवरच असतील तर रेघा ६ किंवा ८ पिक्सेलच्या घ्या आणि कडा मऊ ठेवा. मऊ कडांची रेघ छोटी झाली तर फिकी पडते, तीक्ष्ण कडांची छोटी झाली की पट्टे पाडते.

रीलसाठी उभ्या फ्रेममध्ये टीव्ही दाखवायचा असेल तर १०८० बाय ८१० चं चित्र घ्या. त्यात ३ पिक्सेलच्या २७० रेघा पूर्ण बसतात.

१३. पडद्याला फुगीर काचेचा आकार द्यायचा आहे. आधी रेघा की आधी बाक?

आधी रेघा. रेघा काचेवरच होत्या, काच वाकली तर त्याही वाकणार. सरळ रेघांखाली वाकलेलं चित्र हे नकलेचं सर्वांत ठळक लक्षण.

पूर्ण क्रम असा ठेवा: तपशील कमी करणं, रंगाचे दोष, रेघा, रंगीत जाळी लावायची असेल तर ती, मग ग्लो, मग बाक, मग कोपऱ्यांचा अंधार, आणि सर्वांत शेवटी काचेवरचं खोलीचं प्रतिबिंब. प्रतिबिंबावर रेघा येता कामा नयेत, ते काचेच्या बाहेरून येतं. बाक देताना रेघा पिक्सेलच्या जाळीतून सुटतात आणि पुन्हा मोआरे येऊ शकतो, म्हणून हे सगळं ४के मध्ये करून शेवटी १०८० ला उतरवा. आणि बाक बेताचा. नव्वदीतले टीव्ही मत्स्यालयासारखे गोल नव्हते.

१४. रेघा हळूहळू खाली सरकवायच्या का? सगळ्या तयार ओव्हरलेमध्ये (चित्रावर ठेवायच्या रेघांच्या क्लिपमध्ये) सरकतात.

नका सरकवू. रेघा जागच्या जागीच असायच्या. सरकायचा तो रुंद, पुसट, गडद-उजळ पट्टा. तो दोन कारणांनी येई. एक, विजेच्या ५० हर्ट्झचा व्यत्यय चित्रात मिसळला की. वीजपुरवठा आणि चित्र यांचा ठेका किंचित वेगळा असल्याने पट्टा संथ वर किंवा खाली जायचा. दोन, कॅमेऱ्याने टीव्हीचं शूटिंग केलं की, शटर आणि पडदा जुळत नसल्याने (प्रश्न १९).

खोलीतला माणूस टीव्ही पाहतोय असा सीन असेल तर पहिला, तोही क्वचित. ‘कोणीतरी टीव्हीचं चित्रण केलंय’ असा सीन असेल तर दुसरा. पट्ट्यासाठी पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा उंच, दोन्ही कडा विरघळलेला ग्रेडियंट घ्या आणि ओपॅसिटी १० टक्क्यांखाली ठेवा.

१५. लाल-निळी कड सुटलेली दाखवायला आरजीबी स्प्लिट किती पिक्सेलचा द्यावा?

मधोमध जवळजवळ शून्य, कोपऱ्यांकडे एक-दोन पिक्सेल. रंगीत ट्यूबमधले तीन झोत मध्यभागी नीट जुळायचे आणि कडेला चुकायचे. अख्खी फ्रेम सारखीच सरकवली की ते डब्बा टीव्हीचं न राहता आजच्या ग्लिच पोस्टरचं दिसतं. कृष्णधवल टीव्हीत झोत एकच, तिथे रंगीत कड असूच शकत नाही. ही चूक फार दिसते.

१६. जवळून पाहिल्यावर दिसणारे लाल-हिरवे-निळे ठिपके कसे आणायचे?

ते रेघांपासून वेगळे आहेत. पडद्यामागे धातूची जाळी असायची, तिच्यामुळे तिन्ही रंग आपापल्या फॉस्फरवर पडायचे. काहींत गोल छिद्रं, काहींत उभे खाचे. सोनीने १९६८ साली आणलेल्या ट्रिनिट्रॉनमध्ये उभ्या तारा, म्हणून त्यावर सलग उभ्या पट्ट्या दिसायच्या.

पूर्ण पडदा दिसणाऱ्या शॉटमध्ये हे करूच नका. बहुतेक व्हिडिओ रंगाची माहिती चित्राच्या अर्ध्या मापात साठवतात, त्यामुळे एकेका पिक्सेलचे रंगीत ठिपके एक्सपोर्टमध्ये राखाडी होतात. पडद्याचा अगदी जवळचा क्लोजअप असेल तेव्हाच करा आणि एकेक रंगाला निदान तीन-चार पिक्सेल द्या.

१७. मराठी टायटल वाचताच येत नाही. इंग्रजी मात्र ठीक दिसतं. असं का?

शिरोरेषेमुळे. ती आडवी आहे आणि फटही आडवी. बारीक फाँटची शिरोरेषा नेमकी फटीवर पडली तर नाहीशी होते, अर्धी पडली तर फिकी. शब्द वरखाली सरकत असेल तर ती लुकलुकते. रोमन लिपीत उभ्या दांड्या जास्त, त्यांना आडव्या फटीने फार फरक पडत नाही. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे एकाच ओळीत तीन मजले मावायला हवेत.

इंटरलेस टीव्हीवर हीच अडचण खरोखर होती. एकाच ओळीएवढी बारीक आडवी रेघ दोनपैकी एकाच फील्डमध्ये (विषम किंवा सम ओळींच्या संचात) असायची आणि थरथरायची. म्हणून टीव्हीवरची अक्षरं जाड ठेवावी लागत.

ठळक वजनाचा फाँट घ्या. शिरोरेषा निदान दोन रेघांएवढी जाड हवी, म्हणजे ४ पिक्सेलच्या पॅटर्नवर ८ पिक्सेल. टायटल उभ्या दिशेने चारच्या पटीतच सरकवा. जोडाक्षरं मिटत असतील तर आकार वाढवा, अक्षरांमधलं अंतर नको. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. आणि टायटल कडेला चिकटवू नका. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड दडवायचे, म्हणून मजकूर मधल्या ८० टक्क्यांत ठेवायची पद्धत होती.

आजच्या प्रेक्षकासाठीचे सबटायटल असतील तर ते रेघांच्या वरच्या लेयरवर, स्वच्छ.

१८. आमच्या शॉर्टफिल्ममध्ये मुंबईतली चाळ आहे, टीव्ही सतत चालू. कोणत्या सालाला काय दाखवावं?

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये. त्याआधीच्या सीनमध्ये कृष्णधवलच, किंचित निळसर झाक असलेलं. त्यानंतरही कित्येक घरांत जुना संच तसाच चालू होता, त्यामुळे १९८६ च्या चाळीत रंगीत टीव्ही नसला तरी कोणी चूक काढणार नाही. असला तर मात्र त्याच्यासमोर शेजारीपाजारी बसलेले दाखवा.

बिघाड अँटेनाचे असू द्या: मुंग्या, आणि उंच इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे पडणारी दुसरी सावली. ही सावली मूळ चित्राच्या उजवीकडे, थोड्या अंतरावर, फिकी. क्लिपची प्रत २० टक्के ओपॅसिटीने उजवीकडे सरकवली की जमतं. रंग हिरवा-जांभळा झालेला दाखवू नका. तो एनटीएससीचा दोष. पालमध्ये तीच चूक रंग फिका करून जाते.

कॅसेट चालू असेल तर रेघांकडे दुर्लक्ष करा. व्हीएचएस कॅसेटमध्ये उजेडाचा तपशील आडव्या दिशेने साधारण २४० ओळींच्या ताकदीचा आणि रंगाचा त्याच्याही कितीतरी खाली, म्हणून लाल साडीचा रंग काठाबाहेर ओघळायचा. रंगाचा लेयर वेगळा करून त्याला भरपूर आडवा ब्लर द्या, उजेड तसाच ठेवा. तळाशी फाटल्यासारखी दिसणारी पट्टी सगळे हौसेने टाकतात. टीव्हीच्या पडद्यावर ती बहुधा चौकटीआड जायची. कॅसेट संगणकावर उतरवली की दिसते. तुमचा सीन यांतला कोणता ते पाहा.

१९. ओव्हरले नको, खरा डब्बा टीव्हीच शूट करू का?

मिळाला आणि चालू असला तर जरूर. हे सगळं पान वाचण्यापेक्षा सोपं आहे. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, म्हणजे पालच्या ठेक्याशी जुळतं. फोनचा नेहमीचा ३० फ्रेमचा मोड पट्टे पाडतो, शटर हाताने ठरवू देणारं ॲप लागेल. फोकस केसभर सैल सोडा, नाहीतर सेन्सर आणि पडद्याची जाळी मिळून मोआरे करतात. खोलीतला उजेड कमी ठेवा. मागचं झाकण मात्र उघडू नका. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही काही काळ उरतो.

२०. नव्वदीतल्या पीसीवरच्या डॉस गेमचा सीन आहे. गेम म्हणजे ठळक रेघा ना?

हाच तो अपवाद. व्हीजीए कार्ड (त्या पीसीतलं चित्र काढणारं कार्ड) २०० ओळींचं चित्र प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळींचं करायचं, त्यामुळे मॉनिटरवर ठळक फटी दिसायच्याच नाहीत. दिसायचे ते जाड, स्वच्छ चौकोनी पिक्सेल. म्हणजे इथे प्रश्न ८ मध्ये टाळायला सांगितलेला मोझॅकच बरोबर आणि रेघा चूक. त्याआधीच्या सीजीए कार्डाच्या पडद्यावर किंवा टीव्हीला जोडलेल्या कॅसेटवाल्या गेमवर मात्र फटी हव्यात.

२१. लग्नाची कॅसेट डिजिटल करून घेतली. हालचालीत आधीच दातेरी आडव्या रेघा आहेत. त्यांवर इफेक्ट लावला तर चालेल?

नाही. त्या रेघा म्हणजे दोन वेगळ्या क्षणांची फील्ड्स एका फ्रेममध्ये अडकलेली. आधी डीइंटरलेस करा, म्हणजे ती फील्ड्स वेगळी काढा. हँडब्रेकमध्ये, शॉटकटमध्ये सोय आहे. जमल्यास २५ ऐवजी ५० फ्रेम काढा, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याची ती मऊसूत हालचाल टिकते. माणसं पुढे-मागे झटके देत चालताना दिसली तर फील्डचा क्रम उलटा धरला गेला आहे, तो बदला. डीइंटरलेस करण्याआधी चित्राची उंची कधीही बदलू नका. दोन्ही फील्ड्स मिसळली की नंतर वेगळी होत नाहीत. मूळ फाइल जपून ठेवा आणि इफेक्ट प्रतीवर लावा.

२२. खऱ्या इंटरलेससारखं दर फ्रेमला रेघांची जागा अदलाबदल केली तर?

कागदावर बरोबर, पडद्यावर त्रासदायक. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर रेघा सेकंदाला साडेबारा वेळा लुकलुकतात. खऱ्या ट्यूबचा वेग याच्या दुपटीने होता. वर एन्कोडरचे हाल होतात ते वेगळेच. थरथराट हवा असेल तर संपूर्ण चित्राचा उजेड एक-दोन टक्क्यांनी हलवा, तेवढं पुरतं.

मोठे झगमगाट मोजून करा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त तीव्र झगमगाट, त्यातही गडद लाल रंगाचे, काही लोकांना अपस्माराचा झटका आणू शकतात. वेबच्या सुलभतेच्या नियमांतही हीच तीनची मर्यादा आहे.

२३. आवाजाला काही करायचं का?

पालच्या टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची बारीक शिटी यायची, ६२५ ओळी गुणिले २५ फ्रेम. लहान मुलांना ती शेजारच्या खोलीतूनही ऐकू जायची, मोठ्यांना नाही. ती घालायची असेल तर अगदी हळू घाला आणि एखाद्या तरुण कानाला ऐकवून पातळी ठरवा. वय झालेल्या एडिटरला ती ऐकूच येत नाही आणि तो ती वाढवत जातो. बाकी टीव्हीतल्या संवादांचा खालचा आणि वरचा भाग कापा, लहान स्पीकरला तेवढंच झेपायचं.